हद्दभंग क्रमांक त्रेसष्ट

कोर्टात मी एकही वाक्य खोटं बोलले नाही. हे स्वतःला इतक्यांदा सांगून झालंय की आता ऐकूनच किळस येते. तेव्हा सरळ पहिल्यापासून सांगते, आणि मध्येच स्वतःची वकिली करायला लागले तर वाचणाऱ्याने तेवढा भाग खुशाल सोडून द्यावा.

मी अर्चना खराडे. हद्द कक्षात वरिष्ठ मोजणीदार, वय चौपन्न. आमचा कक्ष निघाला तो स्थानबंदी कायद्यामुळे. त्याआधी तडीपारी म्हणजे पोलिसांचा एक कागद असायचा. सकाळी माणसाला जिल्ह्याबाहेर सोडायचं, आणि संध्याकाळच्या एसटीने तो परत आपल्या टपरीवर चहा पीत हजर. तुरुंग मात्र खच्चून भरलेले. मग सरकारने ठरवलं की मारामारी, तोडफोड अशा गुन्ह्यांना कोठडीऐवजी कोर्टानेच स्थानबंदी द्यावी. तीन वर्षं आपल्या तालुक्यात पाय ठेवायचा नाही, बाकी अख्खा देश मोकळा. आणि माणूस परत येऊ नये म्हणून कणी.

कणी म्हणजे तांदळाच्या कणीएवढंच यंत्र. कानामागच्या हाडात बसवतात, दहा मिनिटांचं काम. आपल्या आतल्या कानात अर्धगोल अशा तीन नळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. डोकं जिकडे कलेल तिकडे ते पाणी हलतं, त्यावरून मेंदूला कळतं की आपण उभे आहोत, वाकलोय की पडतोय. त्या नळ्यांच्या नसेला अगदी बारीक वीज दिली की मेंदू फसतो. माणूस स्थिर उभा असतो आणि त्याला वाटतं जमीन गरगर फिरतेय. दुखत काही नाही, वळ उठत नाही, रक्त येत नाही. कणीला उपग्रहांवरून आपली जागा वीतभराच्या फरकाने कळते, भिंतीआडसुद्धा, आणि तिच्या पोटात हद्दीच्या बिंदूंची यादी भरलेली असते. हद्दीपासून दोन हातांवर आलं की डोकं भणभणतं. हद्द ओलांडली की माणूस भिंत धरतो, ओकतो, आणि कणी एक हद्दभंग नोंदवते. नोंदीत फक्त वेळ आणि हद्दीच्या तुकड्याचा क्रमांक. माणूस नेमका कुठे होता ते राहत नाही. खासगीपणा जपायला ही सोय केली होती, आणि तेव्हा आम्हाला तिचं फार कौतुक होतं. बिंदूंची यादीही गुप्त, नाहीतर लोक बरोब्बर कडेकडेने फिरतील म्हणून.

ती यादी करण्याचं काम माझं.

नियम असा की हद्द पायी चालायची. बरोबर दोन्ही गावांचे दोन पंच घ्यायचे, प्रत्येक वळणावर काठी रोवायची, उपग्रहाचं माप घ्यायचं आणि पंचनाम्यावर पंचांच्या सह्या. आता आमच्या लोकांची एक जुनी खोड आहे. पंच बिचारे कामधंद्याची माणसं, दुपारनंतर हाताला लागत नाहीत. म्हणून सकाळी चहाच्या टपरीवरच कोऱ्या पंचनाम्यांवर सह्या घेऊन टाकायच्या, मजकूर मागाहून भरायचा. यात कोणाला पाप वाटत नाही. मी शिकाऊ होते तेव्हा मला साहेबांनीच शिकवलं, आणि मी पुढे दहा जणांना शिकवलं.

दोनशे बारा किलोमीटर हद्द आणि आठ महिन्यांची मुदत. तुकडा क्रमांक एक्केचाळीस नदीकाठचा, तिथे नदी हीच हद्द. वारणेच्या दोन्ही अंगाला दीड पुरुष उंच ऊस उभा, वाट म्हणून नाही. काठावर दोन तास पाचोळ्यात ओरबाडून घेतलं आणि सरळ ऑफिसात परत आले. गावाचा जुना नकाशा काढला, त्यावर नदी जिथे होती तिथून एकोणतीस बिंदू उचलले, कोऱ्या पंचनाम्यात भरले. सह्या होत्याच.

महापुरानंतर तिथे नदी आमच्या बाजूला सरकली होती. मधला पट्टा पलीकडच्या काठाला जोडला गेला, त्याचे सातबारेही कधीच पलीकडच्या जिल्ह्यात गेले. हे मला माहीत होतं हो! त्या दिवशी आठवलं नाही, की मी आठवू दिलं नाही, ते आता मलाच सांगता येत नाही. त्या पट्ट्यावर बारा घरं होती. माझ्या यादीप्रमाणे ती पलीकडे असूनही आमच्याच तालुक्यात राहिली.

दोन वर्षं कोणाला काही कळलं नाही. मग सुकुमार मगदूमला शिक्षा झाली.

त्याने दूध संस्थेच्या निवडणुकीच्या दिवशी विरोधी पॅनेलच्या माणसाला दुधाचा कॅन फेकून मारला होता. जबडा मोडला. गुन्हा खराच, त्याने कबूलही केला. तीन वर्षं स्थानबंदी. बायको-पोरं अलीकडे राहिली, तो नदी ओलांडून बहिणीकडे गेला. पत्ता कोर्टात लिहून दिला, कारण बिनपत्त्याच्या माणसाला सोडत नाहीत, आणि तडीपार माणसाला दुसरं कोण खोली देतं?

सप्टेंबरअखेर त्याची बहीण पद्मावती आमच्या ऑफिसात आली. साठीची बाई, अंगाने किडकिडीत, बोलायला खणखणीत.

"मॅडम, माझा भाऊ घरात बसून हद्द मोडतोय म्हणत्यात. आमी नदीच्या पलीकडं ऱ्हातो. नदी का आमच्या घरातनं वाहती व्हय?"

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"दाखवलं की. कान बरा हाय म्हणत्यात. सोंग करतोय म्हणत्यात." तिने पिशवीतून अर्ज काढला. त्यात लिहिलं होतं, 'घरगुती अडचणीमुळे सदर इसमास नाइलाजाने हालचाल करावी लागते.' मी विचारलं, कसली अडचण? ती माझ्या टेबलाकडे बघत राहिली. "हाय अडचण," म्हणाली. "तुमी येऊन बगा."

अर्जावरचा गट क्रमांक वाचला, तो त्याच नदीकाठच्या पट्ट्यातला. तिथेच कळलं म्हणा ना. तरी खात्री करायला, की खात्री खोटी ठरावी म्हणून, सतरा ऑक्टोबरला सुट्टी टाकून मी मोजणीची काठी घेऊन एकटीच तिकडे गेले.

घर दोन खोल्यांचं, पुढे सोपा, मागे चूल, बाजूला गोठा. सोप्यात शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूची पांढरी रेघ होती. उंबऱ्यापासून तिरकी निघून कोनाड्याखाली भिंतीत घुसलेली. बाहेर अंगणात तीच रेघ चुन्याने पुढे नेली होती.

"ही कोणी काढली?"

"मी," पद्मावती म्हणाली. "ह्याला रांगत रांगत न्यायचं. जितं गरगराय लागलं तितं ह्यो हात वर करायचा, मी खूण करायची. चार दिवस लागलं. लई वकायचा, मग थांबायचो."

सुकुमार चुलीपाशी बसला होता. पन्नाशीचा, दांडगा माणूस, पण मान अशी धरून बसलेला की डोक्यावर पाण्याने भरलेली घागर असावी. मी काठी रोवून माप घेतलं. माझा बिंदू क्रमांक सतरा आणि अठरा जोडणारी रेषा तिच्या खडूच्या रेघेवरून गेली. फरक चार बोटांचा. मी नियम, काठी, उपग्रह सगळं हाताशी असून जे केलं नव्हतं, ते या बाईने आजारी भावाला रांगवून केलं होतं.

तिने चहा दिला, मी घेतला. बसले कुठे, तर त्या रेघेवरच.

"रेघेच्या या चुलीकडच्या बाजूला राहिलं तर त्रास होत नाही ना?" मी विचारलं. कसंबसं काहीतरी चांगलं ऐकायला मिळावं म्हणून.

मग सुकुमारच खाली मान घालून बोलला, "मॅडम, संडास रेघेच्या पलीकडं हाय. अंगणाच्या कोपऱ्यात. अक्काच्या दारात, चार लोकांच्या उसात कसं बसायचं? वस्तीवरच्या बायका पहाटे तिकडंच असत्यात. मग दोन-तीन दिसांनी, आवरंना झालं की जातो आपला भिंत धरून. येताना अक्का हात धरती."

त्याचे तोपर्यंत चोवीस हद्दभंग झाले होते. रेघ काढायचे चार दिवस सोडले तर सगळे पहाटे पाच ते सहा. आमच्या ऑफिसच्या अहवालात त्यावर शेरा होता, 'अंधाराचा फायदा घेऊन वारंवार घुसखोरी.' तो शेरा वाचून मीच सही केली होती.

"तसं माझंच कायतरी आसंल," तो म्हणाला. "एका माणसाचा जबडा मोडलाय मी. त्येचंच फिरत आसंल."

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडून एवढंच, की बाबा रे, तुझं काही नाही, माझं आहे. मी काय म्हटलं? "बघते मी." कप खाली ठेवला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी लोंढे साहेबांना सांगितलं. आमचे उपसंचालक. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं.

"बाई, उच्च न्यायालयात याचिका चालू आहे. स्थानबंदी ही शिक्षाच घटनेत बसते की नाही, यावर. जानेवारीत सुनावणी. देशभरातून अकरा हजार माणसं या शिक्षेवर बाहेर आहेत. आपलं म्हणणं काय, तर हद्द अचूक आहे. आणि तुम्ही आत्ता म्हणणार चुकली?"

"पण तो माणूस पहाटे..."

"एक तुकडा आहे. निकाल लागला की गुपचूप दुरुस्त करू. तोवर तुम्ही तिकडे गेला नव्हता." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि पंचनाम्याच्या सह्यांचं काय सांगणार आहात?"

त्यांनी धमकी दिली असं म्हणणार नाही. त्यांनी मला सुटायला वाट दाखवली आणि मी आनंदाने त्या वाटेने गेले.

घरी अविनाशला, माझ्या नवऱ्याला, दुसऱ्या कोणाची तरी गंमत म्हणून हे सांगितलं. संडासाच्या वाटेवर हद्दभंग होतो म्हटल्यावर तो खो खो हसला. मी त्याच्यावर अशी काही खेकसले की तो घास हातात धरून बघतच राहिला. "अगं, तूच तर हसत सांगत होतीस," म्हणाला. खरंच होतं ते.

जानेवारीत सुनावणी झाली. सुकुमारची तक्रारही त्याच याचिकेत जोडली होती. त्याच्या बाजूने मुजावर वकीलबाई होत्या, तरुण, पण तयारीच्या. त्यांनी चांगलं मांडलं. शिक्षा म्हणून माणसाचं स्वातंत्र्य काढून घेता येतं, पण त्याचं गाव काढून घेता येतं का? ज्या गावात त्याला ढकललं त्या गावाला कोणी विचारलं का? आणि तुरुंगात निदान जेवण, औषध ही सरकारची जबाबदारी असते. हद्दपार माणसाची जबाबदारी कोणाची? न्यायमूर्ती लक्ष देऊन ऐकत होते. मग सरकारी वकिलांनी अकरा हजारांचा आकडा सांगितला, एकही हद्द चुकल्याचं सिद्ध नाही म्हणाले, आणि मला उभं केलं.

"तुम्ही दिलेली यादी आणि कणीतली यादी एकच आहे?"

"होय."

मुजावरबाई उठल्या. "माझ्या अशिलाच्या बहिणीने घरात रेघ आखली आहे, की इथून त्रास सुरू होतो." सरकारी वकिलांनी लगेच हरकत घेतली, की शिक्षा झालेल्या माणसाला काय वाटतं त्यावर जमीन मोजत नाहीत. हरकत मान्य झाली. मग बाईंनी कागद चाळत शेवटचं विचारलं, "त्या वस्तीवर तुम्ही स्वतः गेला होतात का?"

"हो, गेले होते," मी म्हटलं. "काठी घेऊन."

न्यायमूर्तींनी ते लिहून घेतलं. कधी गेले होते, ते कोणी विचारलं नाही. मागच्या बाकावर पद्मावती बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी पाण्याचा ग्लास उचलला.

त्या पहाटेच्या नोंदींवर वकिलांनी सुकुमारला विचारलं तेव्हा तो उभा राहून काही बोललाच नाही. भर कोर्टात, बायामाणसांसमोर, तो ते सांगेना. मुजावरबाईंनाही त्याने सांगितलं नव्हतं. मला एकटीला सांगितलं होतं.

सहा फेब्रुवारीला आमच्या पडद्यावर नेहमीसारखी नोंद आली. तुकडा एक्केचाळीस, हद्दभंग क्रमांक त्रेसष्ट, पहाटे पाच वाजून बावीस मिनिटं. फक्त ती संपेना. नेहमी सात-आठ मिनिटांत माणूस हद्दीबाहेर जायचा. या वेळी पाच बावीसपासून सहा दहापर्यंत कणी चालूच होती. अठ्ठेचाळीस मिनिटं. दुपारी कळलं, सुकुमार संडासाच्या पायरीवर पडला, खुबा मोडला. पद्मावती एकटी, तिला तो उचलेना. माणसं गोळा होऊन त्याला हलवेपर्यंत तो मोडलेला खुबा घेऊन तिथेच पडून होता, आणि जमीन त्याच्याभोवती गरगरत होती.

मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मग नळ सोडून तोंड धुतलं आणि तीन दिवसांनी, नऊ तारखेला, लोंढे साहेबांना न विचारता प्रतिज्ञापत्र लिहिलं. हद्द चुकली आहे, जुन्या नकाशावरून उचलली आहे, पंचनाम्याच्या सह्या आधी घेतल्या होत्या, दोष सर्वस्वी माझा. सगळं लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, 'सदर चूक दिनांक नऊ फेब्रुवारी रोजी केलेल्या फेरतपासणीत माझ्या निदर्शनास आली.'

एवढं एक वाक्य. तेवढी तरी लाज राखून ठेवावी म्हणून.

मार्चमध्ये निकाल लागला. सुकुमारचे त्रेसष्टही हद्दभंग रद्द, हद्द तात्काळ दुरुस्त करा, उपचार सरकारी खर्चाने. आणि स्थानबंदी? कायदेशीर. परिच्छेद अठ्ठ्याऐंशी मला पाठ आहे. 'कोणतीही शिक्षा चुकीपासून मुक्त नसते. प्रश्न असतो तो चूक उमगताच ती सांगणारी यंत्रणा आहे की नाही हा. या प्रकरणात एका अधिकाऱ्याने स्वतःच्या नोकरीची तमा न बाळगता, चूक उमगल्याच्या दिवशीच ती न्यायालयापुढे ठेवली. अशा यंत्रणेच्या हाती ही शिक्षा सुरक्षित आहे.'

माझ्यावर खात्यांतर्गत ताशेऱ्यापलीकडे काही झालं नाही. लोंढे साहेबांनी पेढे मागवले. "बाई, तुम्ही तर शिक्षा वाचवलीत!" म्हणाले. त्या महिन्यात राज्यात चारशे माणसांना नव्याने कण्या बसल्या. मी त्यांच्या हद्दी तपासत होते.

एप्रिलमध्ये मी नदीपलीकडे गेले. का गेले? माफी मागायला, असं म्हणायचं असतं. खरं सांगायचं तर त्यांनी 'असूदे मॅडम' म्हणावं म्हणून गेले.

सुकुमार सोप्यात खाटेवर होता, आता घरात कुठेही त्याला त्रास नव्हता. पायाला वजन बांधलेलं. त्याने हात जोडले. "तुमच्यामुळं सुटलो बगा मॅडम. वकीलबाईंनी वाचून दाखिवलं."

पद्मावतीने या वेळी चहा टाकला नाही. समोर येऊन बसली.

"एक इचारू? तुमी कोर्टात म्हणालासा, काठी घिऊन गेलो हुतो. तुमी हितं एकदाच आलासा. दिवाळीच्या आदी. ह्या रेघेवर बसून चा प्यालासा."

"हो."

"आन कागदात लिवलंय फेब्रुवारी." तिचा आवाज चढला नाही. "त्या दिवशीच कळलं हुतं न्हवं तुमाला?"

मी काहीतरी सांगायला लागले. साहेब, सुनावणी, याचिका. ती ऐकून घेत होती आणि माझं मलाच ऐकवेना. मधेच थांबले.

"हो," म्हटलं. "त्याच दिवशी कळलं होतं."

सुकुमारने मान फिरवली. त्याने जोडलेले हात हळूच सोडवून चादरीखाली घेतले. तो काही बोलला असता, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. तो भिंतीकडे बघत राहिला.

पद्मावती उठली. कोनाड्यातून वही आणि पेन आणून तिने माझ्यापुढे ठेवलं.

"मग तसं लिवा. खरी तारीख घालून. कोर्टाला द्या. सुरक्षित हाय म्हणून लिवलंय त्येंनी, ते तुमच्या तारखेवर लिवलंय."

मला समजत होतं ती काय मागतेय. निकाल फेरविचाराला जाईल. शपथेवर खोटी तारीख दिली म्हणून माझ्यावर खटला उभा राहील. अकरा हजार कण्यांचा प्रश्न पुन्हा निघेल. मी पेन उचललं आणि ते कागदाला लागेना.

"ऱ्हाऊ दे अक्का," सुकुमार भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "त्येंची नोकरी जाईल."

"जाऊ दे की," पद्मावती म्हणाली. "नोकरीच जाईल. घरातनं, गावातनं तर कोण काढत न्हाई त्येंला."

मी तारीख लिहिली. सतरा ऑक्टोबर.